तिघांना माहीत होतं, मालकांना नव्हतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत ऑफिस, दूध संस्थांच्या कलेक्शनचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी, तीन वर्षांत ८ माणसांवरनं ३४ वर गेली. गेल्या महिन्यात नवीन दरपत्रक भरताना एसएनएफच्या (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग, त्यावरही दर ठरतो) दुसऱ्या दशांशाचा घोळ झाला, ८.४५ ला सॉफ्टवेअर ८.४ धरायला लागलं आणि उत्पादकांच्या बिलात थोडे थोडे पैसे कमी पडले. मालकांना हे कळलं ते एका संस्थेच्या सचिवांचा फोन आल्यावर, दहा दिवसांचं बिल वाटून झाल्यावर. मग चौकशी केली तर ऑफिसातल्या तिघांना आधीपासनं माहीत होतं, टेस्टिंगच्या मुलीला, तिच्या शेजारी बसणाऱ्या डेव्हलपरला आणि सपोर्टच्या एका पोराला. कुणीच बोललं नाही. आता मालक विचारतायत की या तिघांना काढावं का, आणि कंपनीत चांगलं कल्चर आणायला पुण्याहून कन्सल्टंट बोलवावा का, भिंतीवर व्हॅल्यूज लावाव्यात का.

आधी सरळ उत्तर देतो मग कारणं सांगतो. तिघांना काढू नका. त्यातल्या एकाला जरी काढलंत तरी उरलेल्यांना एवढंच कळेल की ज्याला माहीत असतंय त्याची नोकरी जाते, आणि पुढच्या वेळी विचाराल तेव्हा कुणालाच काही माहीत नसेल. कन्सल्टंटचं नंतर बोलू.

मी २६ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पहिली १५ पुण्यात आणि नंतरची इथं कोल्हापुरात, आता चार-पाच छोट्या कंपन्यांच्या टीमबरोबर नियमित बसतो. या सगळ्यातनं माझं एक मत पक्कं झालंय. कंपनीचं कल्चर बघायचं असेल तर वाईट बातमी ज्याला पहिल्यांदा दिसली त्याच्यापासनं निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत यायला किती वेळ लागला तेवढं बघायचं. तुम्ही आज तारखा काढा. त्या मुलीनं ८.४ पहिल्यांदा कधी बघितलं आणि सचिवांचा फोन कधी आला. मध्ये किती दिवस गेले ते कागदावर लिहा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आठच जण एका खोलीत होता तेव्हा हा आकडा बहुतेक दहा मिनिटं असेल, कारण तुम्ही स्वतःच शेजारच्या खुर्चीत बसलेला होता. ३४ माणसांत तो आपोआप वाढतो, तुम्ही काहीही चुकीचं केलं नाही तरी वाढतो, आणि तो कमी ठेवायचं काम बाकी कुणाचं नसतंय, मालकाचंच असतंय.

मी हे पुस्तकातनं शिकलो नाही. २००८ मध्ये पुण्यात एका कंपनीत माझ्याकडं साधारण ४० जणांची टीम होती, एका मोठ्या ग्राहकाचा जुना डेटा नवीन सिस्टिमवर न्यायचं काम चाललेलं. एका सकाळी सगळ्यांसमोर एक पोरगा म्हणाला की सर, अमुक टेबलचा हिशेब जुळत नाही, का ते कळत नाही. मी घाईत होतो, मी म्हणालो "प्रॉब्लेम सांगू नकोस, सोल्युशन घेऊन ये." हे वाक्य तेव्हा सगळेच मॅनेजर म्हणायचे, मला ते फार चांगलं नेतृत्व वाटायचं. तो पोरगा खाली बसला. त्यानंतर पाच महिने कुणीही माझ्याकडं प्रॉब्लेम घेऊन आलं नाही आणि मला वाटलं टीम तयार झाली, पोरं जबाबदार झाली. प्रत्यक्ष डेटा हलवला त्या रात्री कळलं की हिशेब अजून जुळत नव्हता, आणि नुसतं त्याला नाही, नऊ जणांना माहीत होतं. ग्राहक गेला. माझी नोकरी राहिली पण त्या पोरानं दोन महिन्यांत राजीनामा दिला आणि जाताना तो एवढंच म्हणाला की मी सांगितलं होतं सर. अजून लागतं ते मला.

तेव्हापासनं ते वाक्य मी माझ्या कुठल्याही टीमला वापरू देत नाही. त्यातला घोटाळा असा आहे की ज्या प्रॉब्लेमवर पोराकडं उत्तर असतंय तो वरपर्यंत यायची गरजच नसते, तो त्याचा तो मिटवतो. ज्याच्यावर त्याच्याकडं उत्तर नाही तोच तुमच्यापर्यंत यायला पाहिजे, आणि नेमका तोच या वाक्यामुळं दाराबाहेर थांबतो.

आमचे वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला होते, त्यामुळं हे मला आधीच समजायला पाहिजे होतं. ओतीव तुकड्यात, कास्टिंगमध्ये, आत ब्लो होल म्हणजे गॅसची पोकळी राहिली तर वरनं दिसत नाही. वाळूत ओल जास्त होती की कोअरमधनं, म्हणजे साच्यातल्या आतल्या वाळूच्या गाभ्यातनं, गॅस निघाला नाही, हे ओतणाऱ्या माणसाला बऱ्याचदा त्याच वेळी जाणवतं. तिथंच तो बोलला तर तो तुकडा परत भट्टीत जातो, नुकसान वीज आणि मजुरीचं. गप्प बसला तर तुकडा फेटलिंग म्हणजे घासून साफ होऊन, पेंट लागून, ट्रकमध्ये बसून ग्राहकाच्या मशीन शॉपला जातो, तिथं टूल लागलं की होल उघडं पडतं, आणि मग अख्खा लॉट रिजेक्ट, वाहतूक आपल्या अंगावर, वर त्यांच्या मशीनच्या वेळेचं डेबिट. वडील सांगायचे की ज्या सुपरवायझरच्या शिफ्टला भट्टीजवळ रिजेक्शन शून्य दिसतंय त्याच्यावर लक्ष ठेवा. तुमच्या एसएनएफचं तेच झालंय. टेस्टिंगला अर्ध्या तासात निस्तरलं असतं ते शेतकऱ्याच्या बिलात जाऊन उघडं पडलं.

वडिलांचं हे म्हणणं एका प्रोफेसर बाईंना हॉस्पिटलात सापडलं. एमी एडमंडसन, हार्वर्डच्या. १९९० च्या दशकात त्या औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या, त्यांचा अंदाज होता की चांगल्या टीमकडनं चुका कमी होत असतील, आणि आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या चुका जास्त. नंतर उलगडा झाला की चांगल्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. बाकीच्या वॉर्डात लपवल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी यावर जो पेपर लिहिला त्यातनं सायकॉलॉजिकल सेफ्टी हा शब्द सगळीकडं गेला, आपल्या भाषेत बोलायची भीती न वाटणं. पुढं गूगलनं २०१२ पासनं आपल्या १८० टीम तपासल्या, चांगली टीम कशानं होते बघायला, हुशार माणसं एकत्र आणल्यानं होते का, जुने मित्र असल्यानं होते का. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात याला जास्त वजन निघालं आणि पहिल्या नंबरला हीच बोलायची भीती न वाटण्याची गोष्ट आली.

उलट बाजूचं उदाहरण नोकियाचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथं कुणी आळशी किंवा बिनडोक नव्हतं. आयफोन आल्यावर ती कंपनी कशी घसरली यावर दोन संशोधकांनी ७६ जणांशी बोलून अभ्यास केला, तो २०१६ मध्ये छापून आला. वरचे साहेब बाहेरच्या स्पर्धेला घाबरलेले आणि मधले मॅनेजर वरच्या साहेबांना घाबरलेले. आपली सॉफ्टवेअर सिस्टिम वेळेत तयार होत नाही हे खालच्यांना कळत होतं, पण वर जाताना प्रत्येक पायरीवर बातमी थोडी गोड होत गेली, आणि वरच्यांनी त्या गोड आकड्यांवर तारखा दिल्या. त्यात कुणी ठरवून खोटं बोललं असं नाही, प्रत्येकानं फक्त आपल्या साहेबाचा मूड सांभाळला.

आता आपल्याकडचं बोलू, कारण अमेरिकेतला उपाय उचलून राजारामपुरीत लावला तर लागत नाही, हे मी करून बघितलंय. तुमच्याकडची पोरं कागल, गडहिंग्लज, पन्हाळा, वाळवा भागातनं आलेली असणार, बऱ्याच जणांच्या घरात पहिलाच पगार, घरचं कर्ज त्याच पगारावर. लहानपणापासनं शिकवलेलं असतंय की मोठ्यांच्या तोंडाला लागायचं नाही. यात काही वाईट नाही, हे संस्कार आहेत, आणि तुम्ही एक दिवस उठून "मला सर म्हणू नका, बिनधास्त बोला, आपण फ्लॅट आहोत, वरखाली कुणी नाही" म्हटलं म्हणून ते जात नाहीत. मी एका ठिकाणी सगळ्यांना नावानं हाक मारायला लावलं होतं. दोन आठवड्यांत पोरं मला हाक मारायचीच बंद झाली, समोर येऊन उभी राहायची. सर म्हणू दे त्यांना. तुम्हाला आदर कमी करायचा नाही, आदर ठेवूनही वाईट बातमी देता येईल अशी वाट काढून द्यायचीय.

ती वाट म्हणजे बातमी देणं हे धाडसाचं काम न राहता रोजच्या ड्युटीतलं काम व्हायला पाहिजे. मीटिंगमध्ये "काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही सर". तो प्रश्नच बंद करा. त्याऐवजी प्रत्येकाला नाव घेऊन विचारा की या रिलीजमध्ये तुला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय. यात काळजी आहेच असं धरलेलं असतंय, त्यामुळं सांगणाऱ्याला कुणाच्या विरोधात गेल्यासारखं वाटत नाही. सुरुवात सगळ्यात ज्युनिअरपासनं करा आणि तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. मालक आधी बोलला की बाकीचे त्याच्याच वाक्याला मान हलवतात. पहिले तीन-चार आठवडे उत्तरं फालतू येतील, एसी चालत नाही, नेट स्लो आहे. तेही नीट लिहून घ्या आणि एसी दुरुस्त करा, मी हे मनापासनं सांगतोय. पोरं बघत असतात की सांगितल्यावर काही होतं का. एसी दुरुस्त झाला की पाचव्या आठवड्यात कुणीतरी खरं सांगतं.

आणि ते खरं सांगितल्यावर पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा काय करतो यावर पुढचं वर्ष ठरतं. तोंडातनं "अरे पण हे आधी का नाही सांगितलंस" एवढं निघालं तरी संपलं. आधी बरं झालं सांगितलंस म्हणायचं, मग कुणाचं किती नुकसान होतंय आणि ते थांबवायला आत्ता काय करायचं एवढंच विचारायचं. कसं झालं ते दुसऱ्या दिवशी. राग येतोच, मलाही येतो, मी सरळ उठून पाणी पिऊन येतो.

दुसऱ्या दिवशी कसं झालं हे शोधताना आपल्याकडं एक जुनी खोड आहे. फाउंड्रीवाले ग्राहकाला एट-डी रिपोर्ट, म्हणजे चुकीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा कागद, पाठवतात, पूर्वी त्यात कारणाच्या रकान्यात हमखास लिहिलेलं असायचं, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा, ट्रेनिंग दिले". चांगला ग्राहक तो रिपोर्ट परत पाठवतो, कारण तोच ऑपरेटर उद्या परत दमलेला असणार आहे. सॉफ्टवेअरमध्ये याचा सगळ्यात चांगला नमुना मला गिटलॅबचा वाटतो, प्रोग्रामरांचा कोड ऑनलाइन ठेवायची सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा त्यांचा एक इंजिनिअर डेटाबेसची अडचण सोडवत होता, दमलेला होता, आणि डिलीटची कमांड त्यानं चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबी डेटातला साडेचार जीबी उरलेला. मग बॅकअप बघायला गेले तर पाच प्रकारचे बॅकअप होते आणि एकही धड चालत नव्हता, रोजचा बॅकअप व्हर्जन न जुळल्यामुळं फेल होत होता, आणि फेल झाल्याचे मेल त्यांच्याच मेल सिस्टिममध्ये नाकारले जात होते त्यामुळं कुणाला पत्ताच नव्हता. वाचले कशानं तर त्याच इंजिनिअरनं सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हातानं घेतलेल्या एका कॉपीमुळं. शेवटच्या सहा तासांतला डेटा गेलाच.

यानंतर कंपनीनं जे केलं ते बघा. दुरुस्ती चालू असतानाच सगळ्या नोंदी लोकांसाठी उघड्या ठेवल्या, यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, आणि नंतरच्या अहवालात त्या माणसाचं नाव घालायचं टाळलं. का, का, का विचारत ते शेवटी या उत्तरावर पोचले की बॅकअप तपासायची जबाबदारी कुणा एकाची ठरलेलीच नव्हती. त्या पोराला काढून टाकलं असतं तर बॅकअप तसाच फेल होत राहिला असता. तुमच्याकडं हेच विचारा. ८.४५ चं ८.४ होतंय का हे बघणं कुणाचं काम होतं, आणि बघितल्यावर त्यानं कुणाला सांगायचं हे कुठं लिहिलेलं होतं? टेस्टिंगच्या मुलीनं शेजारच्या डेव्हलपरला सांगितलंच की, म्हणजे ती पूर्ण गप्प बसली असं मी म्हणणार नाही, तिला जेवढी वाट माहीत होती तेवढी ती चालली. सपोर्टच्या पोराला वाटलं असणार की डेव्हलपरला माहीत आहे म्हणजे वरही माहीत असेल. डेव्हलपरवर बहुतेक नवीन फीचरची तारीख असेल, आणि ती तारीख तुम्ही दिलेली असेल. मी आत नव्हतो, पण अशा दहा-बारा घटना जवळनं बघितल्या आहेत आणि साचा फार बदलत नाही.

बातमी नुसती येऊन भागत नाही हेही लक्षात ठेवा. नाईट कॅपिटल नावाची अमेरिकेतली शेअर ब्रोकर कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवीन सॉफ्टवेअर लावलेलं, ते आठपैकी सातच सर्व्हरवर गेलं आणि आठव्यावरचा जुना कोड जागा झाला. बाजार उघडायच्या आधीच त्यांच्या सिस्टिमनं लोकांना ९७ मेल पाठवले होते, त्यात या गडबडीचा उल्लेख होता. एकानंही ते हाताळले नाहीत, कारण असल्या मेलला थांबून बघायचं असतंय असं कधी ठरलंच नव्हतं. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले आणि कंपनी विकली गेली.

आपण पंचगंगेच्या काठचे, आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात लहान पोरालाही हे आकडे पाठ असतात. ३९ झालं की कुणाला फोन जायचा आणि ४३ ला कुठली गल्ली हलवायची हे पाणी चढायच्या आधी ठरलेलं असतंय, त्या रात्री बसून कुणी चर्चा करत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तर पाणी त्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. तुमच्या कंपनीचे ३९ आणि ४३ ठरवा. उदाहरणार्थ, उत्पादकाच्या बिलात एका पैशाचा जरी फरक दिसला तरी ३९, लगेच टीम लीडला, तोंडी आणि ग्रुपवर दोन्ही. एकापेक्षा जास्त संस्थांत दिसला की ४३, ज्याला दिसलं त्यानं, तो काल जॉइन झालेला असला तरी, जुनं व्हर्जन परत लावायचं आणि मग तुम्हाला फोन करायचा. आधी थांबवायचं, नंतर विचारायचं. चुकून विनाकारण थांबवलं तरी त्याला एक शब्द बोलायचं नाही, टोयोटाच्या लाइनवर काही चुकलं की लाइन थांबवायची दोरी ओढणाऱ्या कामगाराला जसं बोलत नाहीत तसं.

याचा उपयोग मी स्वतः अनुभवलाय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी पुण्याहून येताना कराडला अडकलो, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुढं जायला वाट नाही. आमचं ऑफिस तेव्हा शाहूपुरीत तळमजल्यावर, वीज गेलेली, पाणी ५५ फुटांच्या वर चाललेलं. ऑफिसात दोन सर्व्हर होते आणि त्यांच्यावर सात ग्राहकांचं चालू काम. माझा फोन लागत नव्हता. आमच्यातल्या २४ वर्षांच्या एका मुलीनं यूपीएस संपायच्या आत सगळं क्लाउडवर वळवलं, एका पोराला घेऊन सर्व्हर दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं नेऊन ठेवले आणि सातही ग्राहकांना स्वतः मेसेज केला की उद्या दुपारपर्यंत सेवा हळू चालेल. क्लाउडचं बिल त्या महिन्यात तिप्पट आलं. तिनं विचारलं नाही, कारण तीन महिने आधी आम्ही एका कागदावर लिहिलेलं होतं की पाणी गल्लीत आलं तर जो ऑफिसात असेल त्यानं काय करायचं आणि किती खर्चापर्यंत कुणाला विचारायचं नाही. तो कागद नसता तर तीही इतरांसारखी माझा फोन लावत बसली असती. हुशार ती होतीच, पण तिच्या हुशारीला परवानगी आधी दिलेली होती.

टीम लीडबद्दल. ३४ माणसांत तुम्ही तीन-चार लीड केलेले असतील आणि ते सगळे तुमचे जुने सगळ्यात चांगले कोडर असतील. सगळेच असं करतात. पण कोड चांगला लिहिणाऱ्याला दुसऱ्याची अर्धवट अडचण ऐकून घेणं जमतंच असं नाही, बऱ्याचदा तो ऐकता ऐकताच कीबोर्ड ओढून घेतो. लीड निवडताना मी एक गोष्ट बघतो, नवीन पोरं अडली की दुपारी आपणहून कुणाच्या टेबलाजवळ जातात. तो माणूस पदानं काहीही असो, लीड तोच झालाय. त्याचा पगार वाढवा. आणि ज्याला फक्त कोडच लिहायचाय त्याला लीड न करता तेवढाच पगार मिळायची सोय ठेवा, नाहीतर तो नाइलाजानं माणसं सांभाळत बसेल.

नात्यातल्या माणसांचं तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीत पण कोल्हापुरात ते असतंयच, अकाउंट्सला चुलतभाऊ, खरेदीला मेहुणा. आपला माणूस ठेवू नका असं मी सांगणार नाही, सुरुवातीला पगार थकला तेव्हा तेच थांबलेले असतात. पण ऑफिसातली बातमी त्यांच्यामार्फत जेवताना तुमच्या ताटाजवळ पोचत असेल तर ते आजच बंद करा. पोरांना कळतं की कोण आत सांगतंय, आणि मग त्या माणसासमोर सगळे गप्प होतात. तुम्हाला वाटतं आपल्याला सगळं कळतंय, आणि कळत असतंय फक्त कोण किती वाजता आलं एवढं.

वर्षाच्या अप्रेझलला पोरांची एकमेकांशी क्रमवारी लावत असाल तर तीही थांबवा. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं प्रत्येक टीममध्ये कुणाला तरी वर आणि कुणाला तरी तळाला टाकावंच लागायचं, त्यामुळं चांगली माणसं चांगल्या माणसांबरोबर काम करायला टाळायची, शेजाऱ्याला मदत केली तर आपलाच नंबर खाली जाणार. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी ती पद्धत बंद केली, पुढच्या फेब्रुवारीत सत्या नाडेला आले आणि सगळं माहीत असणाऱ्यापेक्षा शिकत राहणाऱ्याला किंमत देणं त्यांनी लावून धरलं. तुमच्या ३४ जणांत पहिला-शेवटचा काढून काय मिळणार. तालमीत वस्ताद पट कुठं सुटला हे मातीतच सांगतो, दिवाळीला यादी लावत नाही.

पुण्याला माणसं जातात ते पगारासाठी जातात, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका, तेवढा पगार आपण देऊ शकत नाही आणि इथं घर, आईवडील, शेती जवळ असणं ही सगळ्यांना पुरेशी गोष्ट नाही. पण जाणाऱ्या प्रत्येकाशी शेवटच्या दिवशी न बोलता दोन महिन्यांनी फोन करून बोला, नवीन नोकरीत रुळल्यावर. माझ्या अनुभवात तेव्हा खरं सांगतात. "सर, अमुक गोष्ट सगळ्यांना माहीत होती" अशी सुरुवात झाली की वही घ्या.

कन्सल्टंट आणि भिंतीवरच्या व्हॅल्यूज यावर आत्ता पैसे घालू नका. एक वर्ष वरचं करून बघा, मग बाहेरच्या माणसाला काय विचारायचं हे तुम्हाला नेमकं कळेल.

आता उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो, कारण दहा दिवसांचं पुढचं बिल जवळ आलं असणार. तिघांना एकत्र बोलवा, केबिनमध्ये नको, जिथं रोज चहा घेता तिथं. आधी तुम्ही सांगा की तुमच्यापर्यंत यायला तुम्ही वाट ठेवली नव्हती, ही तुमची चूक. मग त्या मुलीला विचारा की तिला पहिल्यांदा काय दिसलं, आणि ती बोलत असताना मध्ये थांबवू नका. त्यानंतर तिलाच शेजारी बसवून ज्या ज्या संस्थांना नवीन दरपत्रक गेलंय त्यांची यादी काढा आणि प्रत्येक सचिवांना तुम्ही स्वतः फोन लावा, ज्यांची तक्रार आली नाही त्यांनाही. त्यांना सांगा की आमच्याकडनं चूक झालीय, कुठल्या तारखेपासनं कुठल्या तारखेपर्यंत झालीय, प्रत्येक उत्पादकाचा फरक काढून आम्ही पुढच्या बिलाआधी यादी देतो, आणि ही चूक आमच्या टेस्टिंगच्या ताईंनी पकडली होती. हे शेवटचं वाक्य तिला ऐकू जाईल असं बोला.